एका जपानी वस्तादाचा देव

आपल्याकडे तालमीत शिरणारा पोरगा आधी उंबऱ्याला हात लावतो, तो कपाळाला टेकवतो, कोनाड्यातल्या मारुतीपुढे मान लववतो आणि मगच लाल मातीत उतरतो. हा मारुती तिथे कशासाठी, असे तो विचारीत नाही आणि वस्तादही समजावून सांगत बसत नाहीत. देव आणि डाव यांचे नाते आपण धरूनच चाललो आहोत, त्यामुळे त्याची चर्चा करण्याची वेळ फारशी येत नाही.

विसाव्या शतकात जपानमध्ये एका वस्तादाने मात्र हे नाते जन्मभर बोलून दाखवले. आपला प्रत्येक डाव ही देवाची पूजा आहे, असे तो शिष्यांना रोज सांगत असे. गंमत अशी की शिष्यांना त्यातले फारच थोडे कळे. ते डाव शिकत आणि प्रवचन संपण्याची वाट पाहत. त्या वस्तादाचे नाव मोरिहेई उएशिबा. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या ऐकिदो या निःशस्त्र युद्धकलेचे ते प्रवर्तक.

उएशिबांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी तानाबे या समुद्रकाठच्या गावी झाला. मागे कुमानोचे डोंगर. शेकडो वर्षे यात्रेकरू ज्यांची वाट तुडवीत आले ती देवस्थाने याच डोंगरांत. त्याच प्रांतात कोया पर्वत आहे. कूकाई नावाच्या आचार्याने चीनमध्ये जाऊन मंत्रमार्गी बौद्ध पंथाची दीक्षा घेतली आणि इ. स. ८०६ मध्ये परत येऊन शिंगोन संप्रदाय स्थापिला, त्याचे हे मुख्य पीठ. शिंगोन या शब्दाचा अर्थच ‘सत्य वचन’, म्हणजे मंत्र. लहानग्या मोरिहेईला वडिलांनी याच संप्रदायाच्या मंदिरात शिकायला घातले. तिथले मंत्र आणि अग्निविधी यांनी ते पोर भारून गेले. त्या अग्निविधीला जपानी लोक ‘गोमा’ म्हणतात. तो आपला होमच. ज्वाळांनी वेढलेली जी उग्र देवता तिथे पुजली जाते, ती ‘अचल’ या नावाने आपल्याकडून गेलेली. एवढेच काय, जपानी मुले आपली अक्षरे आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना अशा ज्या क्रमाने घोकतात, तो क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. ध्वनीत शक्ती असते, ही उएशिबांची पुढची श्रद्धा कोणत्या मातीत रुजली असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

मुलगा फारच देवभोळा आणि स्वप्नाळू होतो आहे असे पाहून वडिलांनी त्याला पोहायला आणि सुमो कुस्तीला लावले. उंची जेमतेम पाच फूट. त्या पायी सैन्यात प्रथम नकार मिळाला, तेव्हा हा गडी पायांना वजने बांधून झाडाला लोंबकळत राहिला आणि पुन्हा जाऊन भरती झाला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात त्याने भाग घेतला. परत आल्यावर गावात वेगळीच लढाई उभी होती. लहान लहान देवळे मोडून ती मोठ्या देवळांत विलीन करावीत, असे सरकारी धोरण आले होते. तानाबेतच राहणारे थोर निसर्गाभ्यासक मिनाकाता कुमागुसु यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. देऊळ गेले की देवराई तुटेल, असे त्यांचे म्हणणे. तरुण उएशिबा त्यांच्या बाजूने उभे राहिले. सरकारी आज्ञा आणि गावचा देव यांत निवड करण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. शेवटचा नव्हे.

१९१२ मध्ये गावाकडची पन्नासएक कुटुंबे बरोबर घेऊन ते उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर रान तोडून वसाहत करायला गेले. तिथे १९१५ मध्ये ताकेदा सोकाकु या कडव्या आणि संशयी वृत्तीच्या वस्तादाशी गाठ पडली. सांधे पिळून क्षणात माणूस लोळवणारी त्यांची विद्या उएशिबांनी पैसा आणि घाम ओतून मिळवली. ऐकिदोच्या डावांचे मूळ बव्हंशी ताकेदांच्या या विद्येत आहे. ताकेदांनी हात दिले. मन मात्र दुसरीकडून यायचे होते.

१९१९ च्या अखेरीस वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. घराकडे निघालेले उएशिबा वाटेत आयाबे या गावी उतरले. तिथे ओमोतो नावाच्या नव्या पंथाचे ठाणे होते. देगुची नाओ या निरक्षर, दरिद्री विधवेच्या अंगात १८९२ मध्ये देव संचारला आणि तिच्या हातून पानामागून पाने लिहिली जाऊ लागली, ही त्या पंथाची उगमकथा. हे श्रीमंतांचे जग मोडून नवे जग येणार, असा त्या लिखाणाचा आशय. नाओबाईंचे जावई ओनिसाबुरो हे पंथाचे सूत्रधार. कवी, चित्रकार, वक्ते आणि तितकेच धाडसी गृहस्थ. सर्व धर्मांचे मूळ एकच, असे ते सांगत, आणि १९२३ मध्ये त्यांनी पंथात एस्पेरांतो ही कृत्रिम जागतिक भाषाही सुरू केली. वडिलांसाठी प्रार्थना करायला थांबलेले उएशिबा या माणसाच्या प्रेमात पडले. घरी पोचले तेव्हा वडील गेलेले होते. काही महिन्यांतच बायकामुलांसह ते आयाबेला राहायला आले. त्याच वर्षी त्यांचे दोन लहान मुलगे दगावले.

अशा वेळी ओनिसाबुरोंनी त्यांना काय सांगितले, तर युद्धकला हाच तुझा मार्ग, तीच तुझी साधना, इथे आखाडा काढ. शेती, पूजा आणि आखाडा अशी त्यांची दिनचर्या सुरू झाली. १९२४ मध्ये गुरुशिष्य मंगोलियात धर्मराज्य स्थापायला निघाले. हे वेडे साहस चिनी सैनिकांच्या कैदेत संपले. साखळदंड पडले आणि गोळ्या घालण्याची तयारी झाली. जपानी वकिलातीने मध्ये पडून त्यांना सोडवले.

पुढचा प्रसंग १९२५ चा. एका नौदल अधिकाऱ्याने लाकडी तलवारीने केलेले सगळे वार उएशिबांनी हात न उगारता नुसते चुकवले. अधिकारी थकून थांबला. नंतर बागेत एकटे असताना जमिनीतून सोनेरी तेज उसळून आपल्याला वेढते आहे, असा अनुभव त्यांना आला. युद्धकलेचा उगम देवाच्या प्रेमात आहे आणि साऱ्या जीवमात्राचे रक्षण हे तिचे काम आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितला.

इथे चरित्रकार थांबतात आणि हात जोडतात. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र पुढे जावे लागते. कारण १९२७ मध्ये उएशिबा तोक्योला आले ते एका दर्यासारंगाच्या आग्रहावरून आणि त्यांच्या आखाड्यात येऊ लागले ते लष्करी अधिकारी. ज्युदोचे जनक कानो जिगोरो १९३० मध्ये त्यांची विद्या पाहून थक्क झाले आणि त्यांनी आपले निवडक शिष्य इथे शिकायला धाडले, हे खरे. पण लष्कराच्या तोयामा विद्यालयात आणि हेर तयार करणाऱ्या नाकानो विद्यालयातही हेच प्रेमधर्मी वस्ताद शिकवीत होते, हेही तितकेच खरे. त्या वेळी जपानी सैन्य चीनमध्ये काय करीत होते, हे सर्वश्रुत आहे.

मग ८ डिसेंबर १९३५ ची पहाट उजाडली. सरकारने ओमोतोवर घाला घातला. राजद्रोहाचा आरोप ठेवून ओनिसाबुरोंना पकडले, पुढे पंथाची मंदिरे सुरुंग लावून उडवली. उएशिबांच्याही नावाने शोध सुरू झाला. पण ओसाकाचे पोलीसप्रमुख त्यांचे चाहते होते. त्यांच्या आधाराने उएशिबा वाचले आणि एका पोलीस अधिकाऱ्याच्याच घरी राहिले. गुरू तुरुंगात गेला तो १९४२ मध्ये जामिनावर सुटला. शिष्य शिकवीत राहिला, लष्करालाही शिकवीत राहिला. पंथातल्या काहींनी त्यांना गुरुद्रोही ठरवले. त्यांना दोष देणे सोपे आहे. घरात बायकामुले आणि दाराशी पोलीस असताना आपण काय केले असते, हे स्वतःला विचारून मगच तो द्यावा. पण हा डाग चरित्रातून पुसूही नये.

१९४२ मध्ये त्यांनी तोक्यो सोडले. युद्ध ऐन भरात असताना, मागणी वाढत असताना, पदे टाकून ते इबाराकी प्रांतातल्या इवामा या खेड्यात गेले. आधीपासून थोडीथोडी जमीन घेऊन ठेवली होती. झोपडीवजा घर, शेत, आखाडा आणि युद्ध चालू असतानाच उभारलेले ऐकीचे देऊळ. तोक्योचा आखाडा विद्यार्थीदशेतल्या किश्शोमारु या मुलावर सोपवला. वयाच्या साठीला आलेल्या माणसाने उशिरा घेतलेला हा निर्णय. मला तो १९२५ च्या सोनेरी तेजापेक्षा मोठा वाटतो. तेज दिसणे आपल्या हाती नसते. चालते दुकान सोडून नांगर धरणे असते.

इवामात त्यांचा दिवस पहाटेच्या पूजेने सुरू होई. नाव वल्हवल्यासारखे अंग हलवीत श्वासाचा व्यायाम, मग ध्वनींचा उच्चार. एकेका अक्षरात विश्वाची एकेक शक्ती आहे, अशी त्यांची धारणा. प्राचीन ग्रंथातल्या सूर्यदेवीच्या पुत्राच्या लांबलचक नावाची, आपल्या कीर्तनकारांनी करावी तशी फोड करून ते अर्थ काढीत: खरा जय तो स्वतःवरचा जय. म्हणून त्यांच्या कलेत कुस्तीचे मैदान नाही, फड नाही. एकजण हल्ला करतो, दुसरा त्याच्या जोराला वाट देऊन त्याला जमिनीवर उतरवतो, मग पाळी बदलते. तोमिकी या त्यांच्या विद्वान शिष्याने स्पर्धा आणू पाहिल्या, तेव्हा उएशिबांना ते रुचले नाही. जिंकण्यासाठी समोर कोणी हरावा लागतो, आणि त्यांच्या देवाला कोणी हरलेला नको होता.

२६ एप्रिल १९६९ रोजी ते गेले. त्यांची विद्या तोवर समुद्रापार पोचली होती. पण ती पोचवली किश्शोमारुंनी, आणि वडिलांची भाषा बाजूला ठेवून. ओमोतोचे देव, अक्षरांचे मंत्र हे सगळे गाळून श्वास, समतोल, सुसंवाद अशा साध्या शब्दांत त्यांनी ऐकिदो मांडला. तसे केले नसते तर ही कला इवामाच्या शिवेबाहेर गेली नसती. केल्यामुळे जगातले असंख्य लोक वस्तादाचे डाव शिकले आणि त्याचा देव त्यांना भेटला नाही.

दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्या घरांना हा सौदा नवा नाही. आजोबांचा अभंग नातवाला शाळेच्या भाषेत समजावून सांगताना अर्थ पोचतो, पण काहीतरी उंबऱ्याअलीकडेच राहते. ते राहणारच. तरीही किश्शोमारुंनी एक गोष्ट राखली. इवामाचे देऊळ त्यांनी मोडले नाही आणि आखाड्यात शिरताना वाकण्याची चालही सोडली नाही. परदेशातला मुलगाही वाकतो. कोणापुढे, हे त्याला सांगता येणार नाही. आपल्या तालमीतल्या पोरालाही येत नाही. कधीतरी तो विचारील, तेव्हा सांगणारे कोणी घरात असले म्हणजे झाले.