जागल्या आणि गुपितांचा कायदा

महाराष्ट्रांतील जुन्या गांवगाड्यांत जागल्या म्हणून एक रखवालदार असे. गांव झोंपीं गेलें कीं त्यानें गस्त घालावी, वेशीपाशीं परका मनुष्य दिसल्यास पाटलास वर्दी द्यावी आणि चोरी होतांना दिसली तर आरोळी ठोकून गांव जागें करावें, हें त्याचें काम. कारभारांतील गैरप्रकार चव्हाट्यावर आणणाऱ्या मनुष्यास अलीकडच्या मराठी वृत्तपत्रांनीं हेंच नांव दिलें, आणि तें चपखल आहे. मात्र जुन्या जागल्याची आरोळी हें कर्तव्य मानलें जाई. नव्या जागल्याची आरोळी पुष्कळदां गुन्हा ठरते. हा पालट कसा घडला, याचा इतिहास कलकत्त्याच्या एका वृत्तपत्रापासून निघून मावळांतील तळेगांवापर्यंत येऊन पोंचतो.

हिंदुस्थानांत सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९ सालीं झाला. त्याच वर्षीं इंग्लंडांतहि तसा कायदा झाला होता. पण येथें त्यास एक निकडीचें निमित्त मिळालें. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’नें त्या ऑक्टोबरांत काश्मीर व गिलगिट यांविषयींचें परराष्ट्र खात्याचें एक गोपनीय टिपण छापलें, आणि काश्मीरच्या महाराजांचे अधिकार कां काढून घेतले, या प्रश्नास तोंड फुटलें. त्याच महिन्यांत लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या सरकारनें कायदा संमत करून घेतला. तथापि त्याचा मुख्य रोख किल्ले, गोद्या आणि आरमार असल्या लष्करी बाबींवर होता.

लॉर्ड कर्झन यांस तेवढें पुरेसें वाटलें नाहीं. त्यांच्या सरकारनें १९०३ सालीं जें दुरुस्ती विधेयक आणलें, त्यांत मुलकी बाबीहि लष्करी बाबींच्या पंक्तीस बसविण्यांत आल्या. ४ डिसेंबर १९०३ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत या विधेयकास विरोध करण्यास पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. त्यांच्या आक्षेपांचें सार असें, कीं शत्रूस तटबंदीचा नकाशा देणारा हेर आणि एखाद्या खात्याचा अन्याय उजेडांत आणणारा संपादक यांस एकाच मापानें मोजतां येत नाहीं. शिवाय आपण निर्दोष आहों हें सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकणें आणि अशा गुन्ह्यांत जामिनाचा हक्कहि न ठेवणें, हें त्यांस न्यायाच्या मूळ तत्त्वाविरुद्ध वाटलें. जेथें राज्यकर्ते लोकांस जबाबदार नाहींत, तेथें वृत्तपत्रांची टीका हाच काय तो अंकुश उरतो. तोहि काढून घेतला तर रयतेनें दाद कोठें मागावी? चिकित्सा-समितींत विधेयकाची धार कांहींशी बोथट झाली, तरी १९०४ च्या मार्चमध्यें त्याचा कायदा झालाच.

पुढें इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याचा कित्ता गिरवून १९२३ सालीं सध्यांचा शासकीय गुपिते अधिनियम करण्यांत आला. त्याचे दोन भाग ध्यानांत घेण्याजोगे आहेत. तिसरें कलम हेरगिरीचें असून संरक्षणविषयक बाबतींत त्याखालीं १४ वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पांचवें कलम गुपित बाहेर देणाऱ्यास व तें जाणूनबुजून घेणाऱ्यासहि लागू होतें. परंतु ‘गुपित’ म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमांत कोठेंच नाहीं. ज्या कागदावर अधिकारी ‘गोपनीय’ असा शिक्का मारील तो गुपित, असाच अर्थ व्यवहारांत रूढ झाला. १९४७ सालीं राज्य बदललें. हा अधिनियम मात्र राहिला. खुद्द इंग्लंडनें आपल्या १९११ च्या कायद्यांतील तें सर्वव्यापी कलम १९८९ सालीं रद्द केलें, तरी येथील कलम कायम राहिलें.

राष्ट्राला गुपितांची गरज नाहीं, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. लोणावळ्यास १५ फेब्रुवारी १९४५ पासून ‘शिवाजी’ या नांवाची नौदलाची अभियांत्रिकी संस्था आहे. तेथें शिकून गेलेले अधिकारी ज्या युद्धनौकांचीं यंत्रें चालवितात, त्यांचे आराखडे बाजारांत मांडावयाचे नसतात. पण या सार्थ गरजेच्या आडून माणूस कसा भरडला जातो, हेंहि नौदलांतल्याच एका अभियंत्यानें अनुभविलें. कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांनीं अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीच्या आराखड्यांतील दोष दाखविले होते. निवृत्तीनंतर ३० मे १९८८ रोजीं, परदेशीं निघाले असतां, मुंबईच्या विमानतळावर त्यांस गुपितांच्या कायद्याखालीं अटक झाली. जवळ सांपडलेल्या कागदांत मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें त्यांनीं डॉक्टरेटसाठीं सादर केलेला प्रबंधहि होता! सुमारे २० महिने त्यांनीं कोठडींत काढले. अखेर न्यायालयांनीं त्यांस निर्दोष ठरविलें. पण गेलेले महिने कोणतेंहि न्यायालय परत देऊं शकत नाहीं.

गुप्तहेर खात्यांत काम केलेल्यांची वाट याहूनहि बिकट. परदेशांतील हेरगिरी करणाऱ्या ‘रॉ’ या खात्यांत काम करून निवृत्त झालेले मेजर जनरल व्ही. के. सिंग यांनीं २००७ सालीं पुस्तक लिहून खात्याच्या खरेदी-व्यवहारांवर व बेजबाबदारीवर बोट ठेवलें. त्याच वर्षीं सीबीआयनें त्यांच्यावर गुपितांच्या कायद्याखालीं गुन्हा दाखल केला आणि पुढें आरोपपत्रहि ठेवलें. मे २०२१ मध्यें निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती होऊन, अशा खात्यांतील निवृत्तांनीं पूर्वपरवानगीवांचून खात्याविषयीं कांहीं प्रसिद्ध केल्यास त्यांचें निवृत्तिवेतन रोखतां येईल, असें ठरलें. चोरी पाहणाऱ्यानें ज्याच्याविषयीं तक्रार, त्याचीच परवानगी घेऊन आरोळी ठोकावी, असा हा न्याय आहे.

मुलकी कारभारापुरता मात्र गोखले यांच्या म्हणण्याचा जय झाला, पण त्यास शंभर वर्षें लागलीं. महाराष्ट्रांत २००२ सालीं आणि सबंध देशांत १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा अंमलांत आला. जेथें दोहोंचा विरोध येईल तेथें १९२३ च्या कायद्यावर हा वरचढ ठरेल, असें त्याच्या २२ व्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे. हेर-खातीं त्यांतून वगळलीं, तरी भ्रष्टाचार व मानवी हक्कांचा भंग या बाबतींत त्यांसहि पूर्ण सूट नाहीं.

या कायद्याचा हत्यारासारखा उपयोग करणाऱ्यांत तळेगांव दाभाडे येथील सतीश शेट्टी हे अग्रणी होते. मुंबई–पुणें द्रुतगती मार्ग झाल्यावर मावळांत जमिनीस सोन्याचा भाव आला आणि सात-बारा व खरेदीखतें यांत लबाडी शिरली. शेट्टी यांनीं सरकारी कचेऱ्यांतील कागद मिळवून असे संशयास्पद व्यवहार बाहेर काढले. धमक्या आल्या म्हणून त्यांनीं पोलीस संरक्षण मागितलें होतें. तें मिळालें नाहीं. १३ जानेवारी २०१० रोजीं सकाळीं तळेगांवांत त्यांचा खून झाला. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला, एकदां बंद होऊन पुन्हा उघडला.

येथें गुपितांचा कायदा आडवा आला नव्हता. कागद उघडे होते. ते वाचणारा मनुष्य उघड्यावर पडला होता. जागल्यांच्या रक्षणासाठीं संसदेनें २०१४ सालीं निराळा कायदा केला खरा. पण तो अंमलांत आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षें निघाली नाहीं. उलट, गुपितांच्या कायद्याखालीं येणाऱ्या बाबी त्यांतून वगळण्याचें विधेयक २०१५ सालीं लोकसभेनें संमत केलें, तें मात्र पुढें गेलें नाहीं.

लोणावळ्याचें नौदलाचें ठाणें आणि वडगांवची तहसील कचेरी यांत फार अंतर नाहीं. एका ठिकाणचे कागद शत्रूपासून जपावयाचे आहेत, दुसऱ्या ठिकाणचे रयतेस दाखवावयाचे आहेत. हा भेद गोखले यांनीं १९०३ सालींच दाखविला, आणि तो कायद्यांत येण्यास एक शतक गेलें. जो हा भेद राखण्यासाठीं रात्रीं जागतो, त्याच्या पाठीशीं उभें राहणें हें काम अद्यापि राहिलेंच आहे.