कॅश, पण रोख नव्हे

परवा जुन्या सर्व्हरवरचं सगळं सामान नव्या सर्व्हरवर हलवत होतो. फायली चाळता चाळता सेटिंगच्या एका जुन्या फाईलीतल्या एका ओळीपाशी थांबलो. ती ओळ तशी का आहे हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल. थोडा जगाचा, थोडा माझा. तांत्रिक गोष्टींचा कंटाळा असणाऱ्या नातेवाईक मंडळींनी घाबरू नये, सोबतीला मामा आहेत. :)

मामा नंदुरबारला एका बँकेत रोखपाल होते. २००८ च्या दिवाळीत त्यांच्या ओसरीवर मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, "सर्व्हरवर कॅश लावतोय." मामांनी चष्मा वर केला. "कॅश? किती?"

मग समजावून सांगितलं. कुणी पान मागितलं की दर वेळी प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून मजकूर काढतो, पान जुळवतो आणि पाठवतो. पान तर तेच असतं. मग एकदा जुळवलेलं पान जवळ ठेवायचं आणि पुढच्याला तेच द्यायचं. मामा म्हणाले, "हा तर माझा गल्लाच की! सकाळी तिजोरीतून बंडलं काढून गल्ल्यात ठेवायची आणि दिवसभर त्यातून द्यायची. प्रत्येक गिऱ्हाईकासाठी तिजोरी उघडली असती, तर रांग पार स्टेशनापर्यंत गेली असती."

संगणकवाल्यांना ही युक्ती सुचली ती १९६० च्या दशकात. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एक छोटा लेख लिहिला. मोठ्या, संथ स्मृतीच्या पुढ्यात एक छोटी, चपळ स्मृती ठेवावी आणि वारंवार लागणाऱ्या गोष्टी तिच्यात असाव्यात, अशी कल्पना. तिला त्यांनी 'स्लेव्ह' स्मृती म्हटलं होतं. १९६८ च्या सुमारास आयबीएमने आपल्या ३६०/८५ या यंत्रात अशी स्मृती बसवली, तेव्हा 'कॅश' हे नाव रूढ झालं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवणं. म्हणजे रोकडीशी काही संबंध नाही. (मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "लपवलेली तर रोकडच असते.")

वेबवर ही युक्ती फार लवकर आली. १९९४ मध्येच जिनिव्हाच्या सर्न संस्थेत प्रॉक्सी सर्व्हर तयार झाला होता. एकाने मागवलेलं पान तो जवळ ठेवायचा आणि दुसऱ्याला तेच द्यायचा. १९९६ मध्ये स्क्विड आला. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची १.१ आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात 'कॅश-कंट्रोल' ही सूचना आली. पान पाठवतानाच सर्व्हर सांगू लागला, की हे अमुक इतके सेकंद खरं माना, तोवर मला विचारू नका. आपल्या ब्लॉगवाल्यांचाही या इतिहासात वाटा आहे बरं का! २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्या संकेतस्थळाचा भार आवरेना, म्हणून ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी मेमकॅश्ड लिहिलं. पुढे ते जगभर वापरलं गेलं.

आता आमच्याकडची गोष्ट. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा नंदुरबार हा जिल्हासुद्धा नव्हता. धुळ्यातून तो वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, अगदी सगळं सुरळीत असलं तरी, सेकंदाला सात किलोबाइट उतरणार. दोनशे किलोबाइटचं पान म्हणजे अर्धा मिनिट. त्यात आपली देवनागरी. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तिच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, इंग्रजीला एक पुरतो. त्यामुळे दाबून पाठवणं (अपाचेमध्ये त्यासाठी मॉड-डिफ्लेट आहे) मराठी पानांना जास्तच फळतं. सर्व्हर अमेरिकेत, वाचक सातपुड्यात. जितका वाचक लांब आणि जितकी लाइन हळू, तितका जवळच्या प्रतीचा फायदा मोठा.

त्या वेळी मी जिल्ह्यातल्या एका संस्थेचं संकेतस्थळ फुकटात सांभाळायचो. संस्थेचं वसतिगृह होतं. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातली मुलं तिथे यायची. प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर हमखास आडवा व्हायचा. कारण साधं होतं. मेमरी २५६ एमबी, अपाचेची एकेक प्रक्रिया वीसेक एमबी खाणार, आणि एका वेळी दीडशे प्रक्रियांना परवानगी. हिशेब करा! बारा जेवतील एवढ्या घरात दीडशे पानं मांडायची. मेमरी संपली की सर्व्हर डिस्क चिवडत बसायचा आणि कुणालाच काही मिळायचं नाही. मी 'मॅक्सक्लायंट्स' दहावर आणलं. (२०१२ पासून या सेटिंगचं नाव बदललंय.) एकदा जोडलेली लाइन उगाच अडवून ठेवणारा 'कीप-अलाइव्ह'चा वेळ दोन सेकंदांवर आणला. जुळवलेली पानं फायली म्हणून साठवली. आणि वाचकाच्या ब्राउझरला सांगितलं, की हे सगळं एक महिना जपून ठेव. सगळं म्हणजे चित्रं, फॉन्ट, आणि मजकुराची पानंसुद्धा.

पान पळायला लागलं. मी खुशीत मामांना दाखवलं. मामा रंगात आले की अहिराणीवर यायचे. "बठ्ठं ठीक शे भाऊ, पन शिळं निंघनं तं?"

मी हसण्यावारी नेलं.

जून २००९. संस्थेने अर्जाची शेवटची तारीख ३० वरून २० वर आणली. मी पान बदललं, सर्व्हरवरची साठवलेली प्रतही पुसली. माझ्या घरी नवी तारीख दिसत होती. २५ तारखेला धडगावकडचा एक मुलगा वडिलांसोबत वसतिगृहाच्या दारात उभा. हातात कॅफेतून छापून घेतलेलं पान, त्यावर ३० जून. त्या कॅफेतल्या संगणकाने पान आधी कधीतरी उतरवलं होतं आणि मीच सांगितल्याप्रमाणे महिनाभर मला न विचारता तेच दाखवत होता. बिचाऱ्याने माझी आज्ञा पाळली होती. जागा भरल्या होत्या. संस्थेच्या लोकांनी खटपट केली, पण त्या वर्षी जमलं नाही. मुलगा पुढच्या वर्षी आला. एक वर्ष मात्र गेलं.

सर्व्हरवरची प्रत पुसता येते. वाचकाच्या हाती दिलेली मुदत मात्र परत मागता येत नाही. आणि शिळ्या पानाचा फटकाही त्यालाच बसतो, जो सगळ्यात लांब आहे. शहरातल्या माणसाने फोन करून विचारलं असतं.

त्या रात्री सेटिंग बदललं. चित्रांना एक वर्ष, कारण चित्र बदललं तर फाईलचं नावच बदलायचं. मजकुराच्या पानांना 'नो-कॅश'. नावावर जाऊ नका. त्याचा अर्थ 'साठवू नकोस' असा नाही, 'साठव, पण दाखवण्याआधी विचार' असा आहे. ब्राउझर विचारतो, बदललं का? बदललं नसेल तर सर्व्हर '३०४' एवढंच कळवतो, पान पुन्हा पाठवत नाही. एक फेरी पडते खरी, पण खरं काय ते कळतं. मामांच्या भाषेत, गल्ला ठेवा, पण संध्याकाळी ताळा करा.

पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१० ला, आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतर शिष्यवृत्ती, रेशन, प्रवेश, एकेक काम कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरच्या दारात गेलं. तिथे अशा ओळी लिहिणाऱ्यांनी कधी धडगावचा विचार केला असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो.

असो. मामा आता निवृत्त आहेत. नव्या सर्व्हरवर अपाचेऐवजी एन्जिनएक्स आहे, त्यामुळे ती ओळ नव्याने लिहावी लागली. तिच्या वर टिपण म्हणून पूर्वी फक्त '२५ जून' असं लिहिलं होतं. तेही उतरवून घेतलं.