बोटीवरची लिथियम बॅटरी: आधी फ्यूज, मग मोटर

दौंडकडे उजनीच्या बॅकवॉटरवर किंवा शिरूरच्या घोड नदीत कुणी छोट्या बोटीला लिथियम बॅटरी लावली, की मी आधी विचारतो, 'फ्यूज कुठंय?' १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ५००० एमएएचच्या साठहून जास्त फोनांइतकी ऊर्जा असते. शॉर्ट झाला की वायर क्षणात पेटू शकते, आणि पाण्याच्या मधोमध पळायला जागा नसते.

बॅटरीत बीएमएस आहे म्हणून फ्यूज गाळू नका. ते सर्किटही बिघडतं. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून १८ सेंमीच्या आत बसवा. मोटर जास्तीत जास्त ५० अँपिअर घेत असेल, तर ७० पेलणारी वायर आणि ६० चा फ्यूज. उडाला तर मोठा टाकू नका, बिघाड शोधा.

चार्जर लिथियमचाच वापरा. बोट बरेच दिवस बंद असेल तर बॅटरी निम्मी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवा.