'टुनीचा भाऊ' कोण होता? हिमालयातील वाटाड्यांच्या नोंदींचा इतिहास

१/ जून १९११. सिक्कीम आणि तिबेट यांच्या सीमेवरील पौहुनरी या ७,१२८ मीटर उंचीच्या शिखरावर तीन माणसे पोहोचली. त्यांपैकी एक होते अलेक्झांडर केलस, लंडनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ. उरलेले दोघे शेर्पा. त्यांपैकी एकाची नोंद 'सोनी' अशी आढळते, तर दुसऱ्याची केवळ 'टुनीचा भाऊ' अशी.

२/ तोवर माणसाने गाठलेले हे सर्वोच्च शिखर होते, ही गोष्ट उंचीच्या सुधारित मोजणीमुळे फार उशिरा ध्यानात आली. म्हणजे ज्याच्या नावावर जागतिक विक्रम असायला हवा, त्याचे नावच आपल्यापाशी नाही. हे असे का झाले? या धाग्यात त्याचाच शोध घेऊ.

३/ प्रथम युरोपकडे पाहू. आल्प्स पर्वतात मोबदला घेऊन शिखरावर नेणारे वाटाडे अठराव्या शतकापासून होते. १८२० मध्ये माँ ब्लाँवर हिमलोट कोसळून तीन वाटाडे मृत्युमुखी पडले. त्यानंतर १८२१ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभारली. चढाईच्या पाळ्या आणि दर ठरले आणि आपद्ग्रस्त कुटुंबांसाठी मदतनिधीही सुरू झाला.

४/ हिमालयात चित्र वेगळे होते. नेपाळातील सोलुखुंबू भागातून अनेक शेर्पा कामाच्या शोधात दार्जिलिंगला येत. नेपाळ परकीयांना बंद असल्याने मोहिमांची जमवाजमव येथेच होई. केलस यांनी १९०७ पासून शेर्पांना सोबत घेतले आणि उंचीवरील त्यांच्या क्षमतेची मोकळेपणाने वाखाणणी केली. पण मोहिमांच्या हिशेबात त्यांची गणना 'कुली' या सदरातच होत राहिली.

५/ ७ जून १९२२. एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीकडे जॉर्ज मॅलरी यांच्या नेतृत्वाखाली तुकडी निघाली होती. ताज्या बर्फाचा उतार सुटला आणि सात भारवाहक ठार झाले. ब्रिटिशांपैकी कोणीही दगावले नाही. मोहिमेतील हॉवर्ड सॉमरव्हेल यांना ही विषमता आयुष्यभर सलत राहिली आणि तसे त्यांनी पुढे लिहूनही ठेवले.

६/ १९३४, नंगा पर्वत. वादळात अडकलेल्या जर्मन मोहिमेचे नेते विली मेर्कल यांना पाऊल टाकवत नव्हते. गायले नावाचा शेर्पा त्यांच्यापाशी थांबला. आंग त्सेरिंग मदत आणण्यासाठी एकटा खाली उतरला आणि वाचला. १९३८ मध्ये मेर्कल आणि गायले यांचे मृतदेह जवळजवळच सापडले. त्या मोहिमेत एकूण सहा शेर्पा गेले.

७/ याच काळात हिमालयन क्लबने (स्थापना १९२८) दार्जिलिंगमध्ये शेर्पांची नोंदवही ठेवण्यास आरंभ केला. शेर्पांमध्ये जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत आहे: सोमवारी जन्मला तो दावा, शुक्रवारी जन्मला तो पासांग. एकाच नावाचे अनेक जण असल्याने प्रत्येकाला क्रमांक देण्यात आला. उत्कृष्ट कामगिरी करणाऱ्यांना 'टायगर' हा बिल्ला मिळू लागला. आज या क्लबचे मुख्यालय मुंबईत आहे.

८/ येथे आल्प्सशी तुलना करावी. शामोनीत वाटाड्यांनी स्वतःची संघटना उभारली, दार्जिलिंगमध्ये वाटाड्यांची नोंद साहेबांच्या क्लबने ठेवली. नाव टिकले, पण दर्जा ठरवण्याचा अधिकार काम देणाऱ्याच्या हाती राहिला.

९/ २९ मे १९५३ रोजी तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ब्रिटनने हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट यांना 'सर' ही पदवी दिली, तेनझिंग यांना जॉर्ज पदक. १९५४ मध्ये दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तेनझिंग तेथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. कालपर्यंत ज्याला भारवाहक म्हणत, तो आता गुरू झाला होता.

१०/ पुढे गिर्यारोहणाचा व्यवसाय झाला. जिमी रॉबर्ट्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९६४ मध्ये काठमांडूत ट्रेक आयोजित करणारी कंपनी काढली. १९८५ मध्ये ५५ वर्षांचे अमेरिकन उद्योजक डिक बास हे डेव्हिड ब्रेशिअर्स आणि आंग फुर्बा यांच्यासह एव्हरेस्टवर गेले. पुरेसे पैसे आणि जाणता वाटाड्या असेल तर हौशी माणूसही तेथे पोहोचू शकतो, असा विश्वास त्यामुळे रुजला. १९९० च्या दशकात अशा मोहिमांची रीघ लागली.

११/ ग्राहक खुंबू हिमप्रपात मोजक्या वेळा ओलांडतो. दोर, प्राणवायूच्या नळकांड्या आणि तंबू वाहणारे शेर्पा तो पुनःपुन्हा ओलांडतात. १८ एप्रिल २०१४ रोजी तेथे हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मरण पावले. सरकारने तातडीची मदत म्हणून प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले.

१२/ या वेळी शेर्पांनी चढाईस नकार दिला. नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळपास संपुष्टात आला. विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपये झाली. शामोनीच्या वाटाड्यांनी १८२१ मध्ये जे मागितले, त्याचीच मागणी जवळजवळ दोनशे वर्षांनी एव्हरेस्टच्या पायथ्याशी होत होती.

१३/ १६ जानेवारी २०२१. के-टू शिखरावर हिवाळ्यात प्रथमच माणसाचे पाऊल पडले. दहाही गिर्यारोहक नेपाळी होते, त्यांपैकी नऊ शेर्पा. माथ्याच्या थोडे अलीकडे ते एकमेकांसाठी थांबले आणि अखेरची पावले सर्वांनी मिळून टाकली. पहिला कोण, हा प्रश्नच त्यांनी उरू दिला नाही. दहा जणांची दहा पूर्ण नावे आज नोंदीत आहेत.

१४/ 'टुनीच्या भावा'चे नाव आता कदाचित कधीच मिळणार नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक सवय लावून घेता येईल. आपल्याकडील एखाद्या शिखरविजयाचे वृत्त वाचताना दोर कोणी बांधला आणि त्याचे नाव कोठे छापले आहे, हे शोधावे. ते नसेल तर आयोजकांना विचारावे. उद्याच्या संशोधकाला तेवढाच एक पुरावा अधिक मिळेल.