उंडेऱ्यापासून परळपर्यंत : औषधाची चाचणी आणि रोग्याची संमती

सुरतेहून कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईस जाणाऱ्या रोग्यांत मराठी माणसेही असतात. खानदेशातून येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेली, यंत्रमागावर आणि कापडाच्या बाजारात राबणारी ही कुटुंबे. इस्पितळात त्यांना कधी कधी सांगण्यात येते, की एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. इच्छा असल्यास तिच्यात सामील होता येईल. घरी परतल्यावर या सांगण्याचा अर्थ एकाच शब्दात लावला जातो : प्रयोग. आणि प्रयोग म्हटला की पिंजऱ्यातला उंदीर डोळ्यांपुढे उभा राहतो. उलट काही घरांत नवे औषध म्हणजे अखेरचा चमत्कार असे मानून कागद न वाचताच सही केली जाते. भय आणि भाबडी आशा, दोहोंचे मूळ एकच. चाचणी कशाला म्हणतात, हे कोणी उलगडून सांगितलेले नसते. ते समजून घेण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. तिच्या इतिहासातील काही मोठी पाने सुरतेच्या दक्षिणोत्तर प्रदेशातच लिहिली गेली आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी आढळला. थोड्याच महिन्यांत शहर ओस पडू लागले. ओडेसा येथे जन्मलेले जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांस लस टोचण्यात आली. बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्यांपैकी दोघांस रोग जडला, पण मृत्यू एकाचाही झाला नाही. न टोचलेल्यांपैकी बारा जणांस रोग जडला आणि सहा दगावले. एकाच छपराखाली राहणारी, एकच अन्न खाणारी माणसे. फरक केवळ लशीचा. तुलना ती हीच.

लौकरच प्लेग दमणला पोहोचला. सुरतेच्या दक्षिणेस दमणगंगेच्या मुखाशी असलेले हे बंदर तेव्हा पोर्तुगीजांकडे होते. तेथील एका भागात २,१९७ लोकांनी लस टोचून घेतली. ६,०३३ लोकांनी घेतली नाही. टोचून घेतलेल्यांत ३६ मृत्यू झाले, न घेतलेल्यांत १,४८२. म्हणजे एका बाजूस शंभरांत दोनही नव्हेत, तर दुसऱ्या बाजूस शंभरांत जवळजवळ पंचवीस. हे आकडे पाहून कोणाचाही विश्वास बसावा. परंतु चिकित्सक मनुष्य येथे एक शंका घेईल. लस घेण्यास आपण होऊन कोण आले असतील? कदाचित जे अधिक सावध, अधिक खाऊनपिऊन सुखी, ज्यांची घरे अधिक स्वच्छ, तेच आले असतील. मग ते वाचले ते लशीमुळे की स्वच्छ घरामुळे? दोन गट मुळातच सारखे नसतील, तर त्यांची तुलना फसवी ठरू शकते.

या शंकेचे उत्तर सुरतेच्या उत्तरेस मिळाले. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्यानजीकच्या उंडेरा या लहान गावी प्लेग चालू असताना हाफकिन यांनी निराळी रीत अवलंबिली. गावातील प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग करावयाचे, एका भागास लस टोचावयाची, दुसऱ्यास नाही. त्यामुळे चूल तीच, अंगण तेच, गरिबीही तीच. ज्या कुटुंबांत पुढे प्लेग शिरला, त्यांतील ७१ माणसांस लस मिळाली होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मरण पावली. उरलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ मृत्युमुखी पडले. दमणच्या आकड्यांपेक्षा उंडेऱ्याचे आकडे लहान आहेत, पण पुराव्याच्या दृष्टीने ते अधिक भारी आहेत. कारण येथे तुलना सारख्याची सारख्याशी झाली.

या तुलनेस आणखी एक पायरी चढावयाची होती. कोणास कोणत्या गटात घालावयाचे हे वैद्याच्या हाती असले, तर नकळत का होईना, बऱ्या होण्याजोग्या रोग्यांकडे त्याचा हात वळतो. म्हणून ती निवड दैवावर सोपविण्याची पद्धत आली. इंग्लंडात क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १०७ रोग्यांची वाटणी बंद पाकिटांतील क्रमांकांवरून, एक प्रकारे चिठ्ठ्या टाकूनच, करण्यात आली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी ४ मरण पावले, तर केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. कर्करोगाच्या चाचणीतही आज पुष्कळदा अशीच वाटणी होते. रोग्यास वाटते, ‘माझ्या जिवाची चिठ्ठी टाकली.’ खरे पाहता दोन उपचारांपैकी अधिक चांगला कोणता हे प्रामाणिकपणे ठाऊक नसेल, तेव्हाच चिठ्ठी टाकणे न्याय्य असते. ज्या दिवशी ते ठाऊक होते, त्या दिवशी चिठ्ठी टाकण्याचा अधिकार संपतो.

आतापर्यंत पाहिले ते आकड्यांचे. परंतु भायखळ्याच्या गोष्टीत एक प्रश्न उरतोच. ते कैदी आपखुशीने पुढे आले असे सांगतात. पण गजांआडच्या माणसाची खुशी किती मोकळी? जो ‘नाही’ म्हणू शकत नाही, त्याच्या ‘होय’ला मोल कोणते? दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतील छळछावण्यांत बंदिवानांवर वैद्यांनी जे अत्याचार केले, त्यांनी या प्रश्नाचे भयंकर रूप जगापुढे आणले. १९४७ साली न्यूरेम्बर्ग येथील निकालपत्रात दहा तत्त्वे घालून देण्यात आली. त्यांतील पहिले तत्त्व माणसाच्या ऐच्छिक संमतीचे आहे. १९५२ च्या सप्टेंबरात पोप बारावे पायस यांनी वैद्यांपुढे बोलताना स्पष्ट केले, की रोगी जेवढा अधिकार देतो तेवढाच अधिकार वैद्यास त्याच्यावर असतो. १९६४ साली हेलसिंकी येथे जागतिक वैद्यक संघटनेने या विषयाची मार्गदर्शक घोषणा केली. न्यायासन, धर्मपीठ आणि वैद्यकसंस्था तीन वाटांनी एकाच जागी आल्या. माणूस हे साधन नव्हे, ही ती जागा.

हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचेच नाव मिळाले. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या; त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात आलेल्या संकल्पाचे हे फळ. टाटा घराण्याचे मूळ गाव नवसारी, म्हणजे सुरतेचे शेजारी. रुग्णालयासमोरच्या रस्त्यास तेथील विख्यात शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे.

या रुग्णालयातील दोन चाचण्या रोग्यांनी समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली तोंडाच्या कर्करोगाची. तंबाखू, मावा, गुटखा यांनी गुजरातेत आणि महाराष्ट्रात किती तोंडे जायबंदी केली, हे सांगावयास नको. रोग आरंभीच्या अवस्थेत असता तोंडातील गाठ काढतानाच मानेतील गाठीही काढाव्यात, की त्यांत रोग दिसेपर्यंत थांबावे, यावर शल्यविशारदांत कित्येक वर्षे मतभेद होता. २००४ पासून दहा वर्षे रोग्यांची दोन गटांत वाटणी करून हे पाहण्यात आले. २०१५ साली ५०० रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी शंभरांत ८० रोगी तीन वर्षांनंतर हयात होते; थांबून राहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ होते. देखरेख करणाऱ्या स्वतंत्र समितीने हा फरक पाहिला आणि चाचणीत नवे रोगी घेणे बंद झाले. उत्तर मिळाले, चिठ्ठी संपली.

दुसरी चाचणी स्तनाच्या कर्करोगाची. रोग शरीरात इतरत्र पसरलेला असतानाही स्तनातील मूळ गाठ काढल्यास आयुष्य वाढते, असे अनेकांस वाटत असे. २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांच्या सहभागाने हे तपासले गेले. गाठ काढलेल्यांचे आणि न काढलेल्यांचे आयुर्मान जवळजवळ सारखेच निघाले : १९.२ महिने आणि २०.५ महिने. ही चाचणी फसली काय? मुळीच नाही. अशा अवस्थेतील असंख्य स्त्रियांना आयुष्य वाढविण्याच्या आशेने सुरीखाली जाण्याचे दुःख तिने वाचविले. नवे ते चांगलेच असते असे नाही आणि अधिक उपचार म्हणजे अधिक आयुष्य असेही नाही, हे त्या स्त्रियांनी जगास दाखवून दिले.

नव्या औषधाची वाट मात्र अधिक लांब असते. प्रयोगशाळेतून आणि प्राण्यांवरून पुढे सरकलेले औषध पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांस देतात. किती मात्रा सोसते आणि अपाय कोणते होतात, एवढेच तेथे मुख्यतः पाहावयाचे असते. दुसऱ्या टप्प्यात त्याचा गाठीवर परिणाम होतो की नाही हे पाहतात. तिसऱ्यात पुष्कळ रोग्यांच्या साह्याने रूढ उपचाराशी तुलना होते, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यावरच्या देखरेखीचा. म्हणून ‘चाचणी’ एवढे ऐकून भागत नाही. टप्पा कोणता, हे विचारावे. पहिल्या टप्प्यातील रोग्यास स्वतःस लाभ होईलच असे कोणी सांगत असेल, तर तो सत्य सांगत नाही. दुसरा एक गैरसमजही येथेच दूर व्हावा. कर्करोगावर उपयोगी असा उपचार उपलब्ध असताना रोग्यास नुसती पोकळ गोळी देऊन ठेवणे नीतीस मान्य नाही. बहुधा रूढ उपचाराची तुलना नव्याशी, किंवा रूढ उपचारात नव्याची भर घालून होते.

कायद्याचे कवच हळूहळू आणि ठेचा खाऊन तयार झाले. २००९ साली बडोदे जिल्ह्यात आणि आंध्रातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास प्रतिबंध करणारी लस शाळकरी मुलींना एका प्रकल्पाखाली देण्यात आली. २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबविला गेला आणि संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. आंध्रात कित्येक मुलींच्या आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वा शाळेच्या अधिकाऱ्यांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. लस त्यामुळे वाईट ठरत नाही. पण गुरुजींची सही ही आईबापांची संमती नव्हे, हा धडा मोठी किंमत देऊन शिकावा लागला. भारतात २००९ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी सक्तीची झाली. १९ मार्च २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते, संमती लेखी घ्यावी लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई द्यावी लागते. ज्यास वाचता येत नाही, त्याला सर्व मजकूर निःपक्ष साक्षीदारासमोर समजावून सांगावा लागतो.

तथापि नियमांच्या पलीकडे एक गोष्ट उरते. आपल्याकडे डॉक्टरास देवासमान मानतात. ज्याच्या हाती आपला जीव, त्याला ‘नाही’ कसे म्हणावे, या संकोचाने दिलेली संमती भायखळ्याच्या कैद्याच्या संमतीहून फार निराळी नसते. घरात तर पुष्कळदा मुलगा किंवा नवराच परस्पर ठरवितो आणि रोगी फक्त अंगठा उठवितो. म्हणून रोग्याने स्वतः काही प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, कर्तव्य होय. चाचणीत न गेल्यास मला कोणता उपचार मिळेल? नव्यापासून अपाय कोणते संभवतात? सुरतेहून किती वेळा यावे लागेल, आणि त्या भाड्याचा, बुडालेल्या रोजाचा भार कोण सोसणार? तपासण्यांचा खर्च कोणाचा? मध्येच बाहेर पडलो तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना? संमतिपत्र मराठीत मिळेल काय? शेवटच्या दोन प्रश्नांस ‘होय’ हेच उत्तर मिळाले पाहिजे. पत्र घरी नेऊन, चारचौघांशी बोलून उत्तर देण्यास वेळ मागण्याचाही रोग्यास हक्क आहे.

आज प्रत्येक कर्करोगी जो उपचार घेतो, तो कोणा अनामिक रोग्यांनी पूर्वी चाचणीत भाग घेतल्यामुळेच सिद्ध झालेला आहे. उंडेऱ्याच्या त्या ६४ जणांची नावे कोणास आठवत नाहीत, पण त्यांचे ऋण साऱ्यांवर आहे. ते ऋण फेडण्यास कोणावर सक्ती नाही. समजून दिलेला होकार हे दान आहे आणि समजून दिलेला नकारही तितकाच सन्माननीय आहे. यांपैकी कोणतेही उत्तर रोग्यास ताठ मानेने देता आले, तरच ती चाचणी, एरवी तो नुसता प्रयोग.