एका नळीची वंशावळ

इतिहास म्हटला की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे सनदा, तहनामे आणि कुलवृत्तांत उभे राहतात. मूळ गाव सोडून पिढ्यान् पिढ्या परमुलखात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे. परंतु वंशावळ जशी माणसांना असते, तशी वस्तूंनाही असते. आज आम्ही जी वस्तू वाचकांपुढे ठेवीत आहोत ती दिसावयास अगदी सामान्य आहे. मोटारसायकलच्या इंजिनाला टर्बो जोडता यावा म्हणून एखादा हौशी कारागीर घराच्या मागील शेडमध्ये स्टेनलेस स्टीलचे तुकडे जोडून जी नळी तयार करतो, तिची ही हकीकत आहे. तिला मॅनिफोल्ड म्हणतात. साध्या मोटारसायकलच्या याच अवयवाला गॅरेजमधील मंडळी ‘बेंड पाइप’ म्हणून ओळखतात.

या नळीचे काम सांगावयास सोपे आहे. सिलिंडरांतून बाहेर पडणारा तप्त धूर एकत्र आणून तो टर्बोच्या चाकावर सोडावयाचा. ते चाक मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेते. त्याच आसाच्या दुसऱ्या टोकास बसविलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक गेली की इंधन अधिक जाळता येते आणि इंजिनाचा आकार न वाढविता त्याची शक्ती वाढते. जो धूर एरवी वाया जावयाचा, त्याच्याकडूनच हे काम करवून घ्यावयाचे, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी ती विमानाच्या इंजिनासाठी वापरली. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर इंजिन नेऊन, विरळ हवेतही टर्बोमुळे शक्ती टिकते हे दाखवून दिले. १९६२ साली अमेरिकेत टर्बो लावलेल्या प्रवासी मोटारी बाजारात आल्या.

मोटारसायकलपर्यंत पोहोचावयास त्यास आणखी सोळा वर्षे लागली. १९७८ मध्ये कावासाकीच्या ‘झेड-वन-आर’ या गाडीवर टर्बो बसवून ती अमेरिकेत विक्रीस ठेवण्यात आली. मात्र तिला कंपनीची हमी नव्हती. पुढे १९८२ ते १९८४ या अवघ्या तीन वर्षांत होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चारही जपानी कंपन्यांनी आपापल्या टर्बो गाड्या काढल्या. होंडाची ‘सीएक्स ५००’ टर्बोमुळे सुमारे ५० अश्वशक्तीवरून ८२ वर गेली. कावासाकीची ‘जीपीझेड ७५०’ तर ११२ अश्वशक्तीची होती. यामाहाने आपला टर्बो इंजिनाच्या मागे, दूर बसविला होता. कावासाकीने तो इंजिनाच्या पुढे, धूर निघतो त्या तोंडाजवळ आणला. वाटेत धूर जितका कमी निवतो, तितका तो चाकास जोमाने फिरवितो. म्हणूनच नळी आखूड असावी हा धडा पुढील सर्व हौशी कारागिरांनी घेतला. तथापि या गाड्या महाग, जड आणि गुंतागुंतीच्या होत्या. मूठ पिळल्यावर शक्ती येण्यास क्षणभर विलंब लागे, आणि तेवढीच शक्ती मोठ्या साध्या इंजिनातून कमी खर्चात मिळत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चारही कंपन्यांनी हा नाद सोडला. टर्बो मोटारसायकल जिवंत राहिली ती मुख्यतः लहान कार्यशाळांत आणि हौशी लोकांच्या हातांत.

आता नळीच्या धातूकडे वळू. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी व्हावी या हेतूने क्रोमियमयुक्त पोलाद ओतविले, आणि ते गंजत नाही असे त्यास आढळले. पोलाद वितळविणाऱ्या कामगाराचा हा मुलगा लहान वयातच शाळा सोडून प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याच्या कामास लागला होता. पेटंटच्या हक्कावरून मालकांशी बिनसल्यामुळे त्याने १९१५ मध्ये ती नोकरी सोडली. जर्मनीत क्रुप कंपनीच्या माउरर आणि श्ट्राउस यांनी १९१२ मध्येच क्रोमियम व निकेल यांच्या पोलादाचे पेटंट घेतले होते. शेकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल हे आज सर्वपरिचित असलेले प्रमाण १९२४ मध्ये ब्रिअर्लीच्या जागी आलेल्या हॅटफील्डने रूढ केले. आपल्या स्वयंपाकघरातील चमचे आणि भांडी ज्या कुळातील, त्याच कुळातील ही नळी होय.

परंतु हे पोलाद जोडणे अवघड होते. सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ते फार वेळ राहिले की त्यातील क्रोमियम कार्बनशी संयोग पावते, सांध्याच्या कडेचा भाग क्रोमियमवाचून दुबळा होतो आणि तेथेच गंज धरतो. यावर कार्बनचे प्रमाण अत्यल्प ठेवणे किंवा टायटॅनियम मिसळणे हे उपाय निघाले. दुसरा शत्रू म्हणजे हवा. तप्त धातूस प्राणवायू लागता कामा नये. १९४१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ याने मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टनच्या कांडीभोवती हेलियम वायूचे आवरण देण्याची पद्धत सिद्ध केली.

हेलियमचे नाव निघाले म्हणजे कोकणी वाचकास विजयदुर्ग आठवल्यावाचून राहात नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेबाने विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, अशी समजूत तिकडे दृढ आहे. वस्तुस्थिती अशी की, त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूर येथे होता आणि लॉकियर इंग्लंडातच होता. त्याने आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथूनच केले. विजयदुर्गावर तो आला खरा, पण जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. या दोन ग्रहणांची लोकस्मृतीत गल्लत झालेली दिसते. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्झी यांना. याच रॅम्झींनी रॅले यांच्यासमवेत १८९४ मध्ये आर्गॉन शोधला होता. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ ‘आळशी’ असा आहे. हवेत शेकडा एक भागाच्या आसपास असलेला हा वायू स्वस्त पडतो, म्हणून पुढे त्याने हेलियमची जागा घेतली. आपल्याकडील कारखान्यांत या पद्धतीस आजही सरळ ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात.

ही सारी परंपरा नळी करणाऱ्याच्या हातात कशी उतरते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम जाड पट्टीतून इंजिनास व टर्बोस बसणाऱ्या फ्लँज कापावयाच्या, त्या जागेवर बोल्टने आवळावयाच्या आणि मग वाकविलेल्या नळीचे तुकडे मधल्या अंतरात जुळवावयाचे. दोन तुकड्यांत फट राहिली तर ती वितळलेल्या धातूने भरून काढण्याचा मोह होतो. जाणता कारागीर तुकडा पुन्हा घासतो. प्रथम ठिकठिकाणी केवळ टॅक मारून सर्व काही बसते ना ते पाहावयाचे. पूर्ण जोडकाम करताना फ्लँज जाड पट्टीस आवळून ठेवावयाची, नाहीतर ती उष्णतेने वाकते आणि धूर गळतो. नळीची तोंडे बंद करून आतही आर्गॉन सोडावयाचा. तसे न केल्यास बाहेरून सांधा रेखीव दिसतो, पण आतून जळलेल्या साखरेसारखा काळा, खरखरीत थर धरतो. तोच थर पुढे तुटून टर्बोच्या वेगवान चाकावर आदळण्याचा संभव असतो.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. हे पोलाद तापल्यावर साध्या पोलादापेक्षा अधिक पसरते. एक फूट लांबीची नळी सातशे अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटरांहून अधिक वाढते. दोन्ही टोके जखडलेली असतील तर ही वाढ सांध्यास तडा पाडते. म्हणून टर्बोचे वजन नळीवर न टाकता वेगळ्या आधारावर घेतात आणि जेथे शक्य तेथे एक नळी दुसरीत सरकेल असा सांधा ठेवतात.

शासकीय सेवेत हयात घालविलेल्या आम्हांस येथे एवढे नमूद केले पाहिजे की, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात निर्मात्याच्या विनिर्देशांपासून वेगळा असा बदल करण्यास मनाई आहे. तेव्हा आपल्याकडे अशा गाडीची जागा रस्त्यावर नव्हे, शर्यतीच्या मैदानात किंवा कार्यशाळेत.

या कथेत ब्यूखी, ब्रिअर्ली आणि मेरेडिथ यांची नावे राहिली, कारण पेटंटे आणि नोंदी राहिल्या. नळी आतून कशी राखावी, फट का भरू नये, हे ज्ञान मात्र बहुतेक हाताकडून हाताकडे गेले आणि जाणणाऱ्याबरोबर संपलेही. आपल्या कुलवृत्तांतांत कारकून, वकील, सरदार आणि शिक्षक तपशीलाने आढळतात. परंतु याच घराण्यांतील जी माणसे रेल्वेच्या वर्कशॉपात, गिरण्यांत, ओतशाळांत वा संस्थानी कारखान्यांत आयुष्यभर राबली, त्यांच्यापुढे ‘नोकरी’ या एका शब्दापलीकडे काही लिहिलेले नसते. ती मंडळी आता वृद्ध झाली आहेत, काही गेली. जी आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांनी नेमके काय केले, कोणत्या हत्यारांनी केले आणि त्या कामातील खुबी कोणती, हे मराठीत लिहून ठेवावे, अशी आमची सभासदांस आग्रहाची विनंती आहे. कुलवृत्तांताची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा ती पाने तयार असावीत.