मराठी पुस्तक, दृष्टिहीन विद्यार्थी आणि युनिकोड

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती संगणक आला की त्याचा पुस्तकांचा प्रश्न सुटला, असा समज सर्वत्र आढळतो. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तो पुरता खरा नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी ‘स्क्रीन रीडर’ प्रणाली आता महाग राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली तर विनामूल्य मिळते आणि तिच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ आवाज मराठीही वाचतो. आवाज यांत्रिक आहे, परंतु सवयीने कळतो.

अडचण वेगळीच आहे. ही प्रणाली अक्षराचा आकार पाहत नाही. त्यामागील सांकेतिक क्रमांक वाचते. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटमध्ये मात्र ‘क’चा आकार इंग्रजी ‘डी’च्या जागी बसविलेला असतो. डोळस वाचकाला ‘क’ दिसतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याला ‘डी’ ऐकू येतो आणि संपूर्ण धडा निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ बनतो. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवरही असेच स्वतंत्र फाँट वापरले जात, हेही नमूद करायला हवे.

युनिकोडचा आणखी एक गुण सहसा लक्षात येत नाही. ‘कि’मधील वेलांटी कागदावर आधी दिसते, परंतु युनिकोडमध्ये उच्चारानुसार ‘क’नंतर नोंदली जाते. भारती ब्रेलमध्येही क्रम हाच आहे. त्यामुळे युनिकोडमधील मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर बरेच सुकर होते.

एखादी पीडीएफ उपयोगाची आहे का, हे कोणाही शिक्षकाला मिनिटभरात तपासता येते. त्यातील एक वाक्य उचलून नोटपॅडमध्ये उतरवावे. मराठी उमटले तर ठीक. इंग्रजी अक्षरे उमटली तर फाँट जुना. मजकूर निवडताच येत नसेल, तर ते केवळ पानाचे छायाचित्र आहे. काही वेळा युनिकोड असूनही जोडाक्षरे विस्कटतात. छायाचित्रातून मजकूर काढणारी ‘ओसीआर’ प्रणाली मराठीसाठीही आहे. मात्र जोडाक्षरे, तक्ते व गणिती सूत्रे येथे माणसाने मुद्रितशोधन करावेच लागते. परीक्षा तोंडावर आली असता हे काम कोणी करायचे, हा खरा प्रश्न आहे.

कायदा या बाबतीत मागे नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुगम रूपांतर करण्यास प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच हेतूच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके व सहायक साधने मोफत मिळायला हवीत. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले.

तरीही २०१२ च्या तरतुदीने मिळते ती रूपांतराची मुभा. छपाईसाठी तयार केलेली मूळ फाइल विद्यार्थ्याला देण्याचे बंधन ती प्रकाशकावर घालत नाही. परिणामी संगणकावरच जुळविलेले पुस्तक आधी छापले जाते, मग कोणीतरी त्याचे पानन् पान स्कॅन करते आणि तोच मजकूर पुन्हा टंकलिखित करावा लागतो.